बाजाराच्या दिवशीचे गुडघे

जगात कुठेही काही चुकलं की त्याची लाज एकाच माणसाला वाटते, आणि तो माणूस आमच्या उन्हाळी वर्गाला शिकवायला जळगावहून धुळ्याला यायचा. एसटी उशिरा सुटली तर कंडक्टर निवांत तंबाखू मळत असे आणि सर मागच्या सीटवरच्या बाईंना म्हणत, "जरा उशीरच झाला, नाही का?" तेही अशा पडेल आवाजात, की बाईंना वाटावं गाडी यांच्याच घरची आहे. कॅन्टीनचा चहा गार निघाला की आम्ही कुरकुर करायचो. सर मात्र ओशाळून तो घाईघाईने पिऊन टाकायचे, कुणी पाहिलं तर कॅन्टीनवाल्याची अब्रू जाईल म्हणून. एकदा पुण्याचे एक पाहुणे घाम पुसत म्हणाले, "फारच ऊन आहे हो तुमच्या खानदेशात." सरांनी मान खाली घातली आणि म्हणाले, "हो, यंदा जरा जास्तच झालंय."

मी धुळ्याच्या त्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो. मे महिन्यात विज्ञानाच्या मुलांना जैवसांख्यिकीची तोंडओळख करून द्यायचा वर्ग आम्ही चालवतो. माणसांच्या तब्येतीची माहिती कशी गोळा करायची, आणि त्या आकड्यांवरून काय म्हणता येतं नि काय म्हणता येत नाही, एवढंच त्यात शिकवायचं. साक्री, पाचोरा, पारोळ्याकडची मुलं येतात. त्यातली बरीचशी त्या हॉलला दोन कूलर आहेत म्हणून येतात, हे मला ठाऊक आहे. सर निवृत्त प्राध्यापक. शिकवायचे फार सुरेख, पण "तुझं चुकलं" हे वाक्य काही त्यांच्या तोंडून निघायचं नाही. एका मुलाने गावातल्या माणसांचं सरासरी वजन काढलं ते म्हशीच्या जवळपास गेलं. सरांनी ते फळ्यावर लिहिलं आणि वर्गाकडे पाठ करून उभे राहिले. शेवटी मुलगाच उठून म्हणाला, "सर, जेवायच्या आधीचं करून बघू का?" वर्ग हसून लोटपोट झाला आणि सरांचे कान लाल झाले, जणू ती म्हैस त्यांचीच.

एका बाबतीत मात्र ते कुणाचं ऐकत नसत. पाहणीसाठी घरं आधी निवडायची आणि निवडलेल्या घराला कुलूप असलं तर शेजारच्या घरात शिरायचं नाही, पुन्हा त्याच घरी जायचं. "कुलूप हे उत्तर नाही," ते म्हणायचे. "घरी नव्हता, म्हणून तो माणूस नाहीच असं कसं धरायचं? आपल्यालाच लाज वाटायला हवी." मुलं हे वाक्य त्यांच्या आवाजात म्हणून दाखवायची. मीही म्हणायचो.

पलीकडच्या उन्हाळ्यात वर्गाची पाहणी साक्री तालुक्यातल्या एका डोंगरकडेच्या गावात ठेवली होती. वार सरांनीच ठरवला, कारण त्या दिवशी कॉलेजची गाडी मोकळी होती. गावात शिरलो तर घराघराला कुलूप. जी घरं उघडी होती तिथली म्हातारी माणसं इतक्या मायेने वागली की सर घायाळ झाले. "पोरेसहो, उनमा कसाले हिंडतस, बसा, पानी पी ल्या," म्हणत एकेक आजी लांबून आणलेल्या हंड्यातलं पाणी तांब्यातांब्याने ओतत होती. आपल्यामुळे एवढं पाणी संपतंय हे सरांना बघवेना. ते पारावर अंग चोरून बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा मुलांना म्हणाले, "बंद घरांचं राहू द्या. शेजारी विचारा आणि लवकर आटपा. किती त्रास द्यायचा या लोकांना."

समारोपाला मुलांनी निष्कर्ष वाचला. त्या गावातल्या बहुतेक माणसांचे गुडघे दुखतात. सभागृह हळहळलं. प्रमुख पाहुणे म्हणून धुळ्यातले एक कापडाचे व्यापारी शेठजी आले होते. राजस्थानी वळणाच्या मराठीत त्यांनी भाषण केलं आणि भाषणातच जाहीर केलं, की त्या गावातल्या प्रत्येकाला ते गुडघ्याचा पट्टा देणार. टाळ्या झाल्या. प्राचार्य माझ्याकडे बघून हसले, म्हणजे पुढच्या वर्षीचा वर्ग पक्का. मग आभारप्रदर्शनाला एक मुलगी उठली. सगळ्यांचे आभार मानून झाल्यावर ती गोड आवाजात म्हणाली, "आणि बाजाराचा दिवस असूनही जे ग्रामस्थ घरी भेटले, त्यांचेही आम्ही ऋणी आहोत."

आभारप्रदर्शन कुणी ऐकत नसतं. सरांनी ऐकलं. माझ्या शेजारी बसलेला तो माणूस पांढराफटक पडला. बाजाराच्या दिवशी ज्याला चालता येतं तो साक्रीला जातो. घरी राहतो तो, ज्याचे गुडघे दुखतात. ते उठू लागले तसा मी त्यांचा शर्ट धरला आणि पुटपुटलो, "सर, बसा. कुणाच्या लक्षात आलेलं नाही." ते म्हणाले, "म्हणूनच," आणि माइकपाशी गेले. "हे गुडघे गावाचे नाहीत," त्यांनी सांगितलं. "घरी राहिलेल्यांचे आहेत. मुलांची चूक नाही. वार मी ठरवला, बंद घरं मी सोडायला लावली." शेठजी गोंधळून म्हणाले, "पण सर, पट्ट्यांची ऑर्डर तर मी आताच फोनवर दिली." सभागृहात हशा पिकला. प्राचार्यांचा चेहरा बघवत नव्हता. धरणीने पोटात घ्यावं असं मला वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर सरांना आधी घ्यावं असं वाटत होतं.

त्या संध्याकाळी सर न जेवता जळगावच्या गाडीत बसले. वर्ग बंद पडला नाही, कारण पट्टे वाटतानाच्या फोटोंवर प्राचार्य खूश होते. पण पुढच्या मे महिन्याचं विचारायला फोन केला, तर सर म्हणाले, "ज्याला बाजाराचा वार कळत नाही, त्याने काय शिकवायचं?" पुढे फोनही उचलेनात. ते नसतील तर तो वर्ग फक्त कूलरचा उरेल, हे मला दिसत होतं. शेवटी मी जळगाव गाठलं. घराला कुलूप. शेजारच्या अक्का धान्य निवडता निवडता म्हणाल्या, "सर घर नहीत. दर आठवडाले त्या साक्रीकडना गावले जातस. पायले पट्टा बांधीसन जातस. कसाले, ते काय सांगतस नही."

म्हणजे गेलं वर्षभर हा माणूस धुळ्यावरून जात होता आणि लाजेने कॉलेजात फिरकत नव्हता.

मी त्या गावात गेलो तेव्हा सर एका कुलूप लावलेल्या घराच्या ओट्यावर, सावलीच्या पट्टीत बसले होते. उजव्या गुडघ्याला शेठजींचा पट्टा. समोरच्या आजी मला म्हणाल्या, "आम्हीनच दिधा त्यास्ले. आम्हना घरमा बठ्ठासना गुडघा चांगला शेतस." घरात सगळ्यांचेच गुडघे चांगले, म्हणून वाट्याला आलेला पट्टा त्यांनी सरांना देऊन टाकला होता. सर खाली बघत म्हणाले, "भाऊ, हा गुडघा मोजू नका. मी या गावचा नाही."

त्या दिवशी सोडलेली सगळी घरं त्यांनी पुन्हा जाऊन पुरी केली होती. एवढंच एक उरलं होतं. त्याच्या कुलपाला गंज चढला होता. घरची माणसं कामाला सुरतकडे गेली होती. कधी परततील ते गावालाही ठाऊक नव्हतं. मी त्यांच्याजवळ बसलो. "मग आता?"

"मग आपलं उत्तर अपुरं आहे."

"तेच मुलांना येऊन सांगा. सोमवारी वर्ग सुरू होतोय." ते पट्टा सारखा करू लागले, तेव्हा मी विचारलं, "की उत्तर अपुरं आहे हे सांगायचीही लाज वाटते?"

एरवी उन्हाची, एसटीची, गार चहाची लाज वाटणारा तो माणूस कुलपाकडे बघत म्हणाला, "नाही. त्याची नाही वाटत."

मग ते उठायला लागले. गुडघा साथ देईना. त्यांनी माझा हात धरला, सावकाश उभे राहिले, आणि हात धरावा लागला म्हणून लाजले. गाडीपर्यंत तो हात मी सोडला नाही.