हौदातले खडस

एकोणीसशे तीसनंतरच्या वर्षांत मी नाशिकच्या एका शाळेत शास्त्र शिकवत होतो. त्याच शाळेत पुण्याहून बी.एस्सी. होऊन आलेला एक तरुण शिक्षक रुजू झाला आणि माझे दिवस फिरले. माझे शिक्षण व्हर्नाक्युलर फायनलपर्यंतचे, म्हणजे मराठी सातवीपर्यंतचे. बाकीचे सगळे मी पुस्तके मागून आणून शिकलेलो. तो मात्र हातात बेडूक धरून बोलायला लागला की शेजारच्या वर्गातली मुलेसुद्धा दाराशी येऊन उभी राहत. माणूस वाईट असता तर सोपे झाले असते. तो मला ‘मास्तर’ म्हणे आणि माझ्याआधी कधी खुर्चीत बसत नसे.

मार्चमध्ये त्याने शाळेच्या अंगणातला जुना दगडी हौद साफ करून घेतला. त्यात नदीतले मासे पाळायचे, मुलांना रोज दाखवायचे, असा त्याचा बेत होता. हेडमास्तरांनी सगळ्या शिक्षकांसमोर त्याची पाठ थोपटली. सात वर्षांत माझी एकदाही थोपटली नव्हती.

त्याने गंगापूरच्या धबधब्याखालून बोटभर लांबीचे आठ मासे धरून आणायचे ठरवले. आमच्याकडे त्यांना खडस म्हणतात. सोनेरी खवल्यांचा देखणा मासा. मला वाटले, आपण त्याच्या आधी हातभर लांबीचा खडस आणून हौदात सोडू. म्हणून रविवारी सायकल काढून मी नदीवरच्या एका म्हाताऱ्या भोयाकडे गेलो. तो जाळे विणत बसला होता. काय हवे ते ऐकून त्याने मान हलवली.

“हौदात? नाय जगायचा मास्तर. त्याला पळतं पानी लागतं, गार लागतं, खाली दगड लागतात. मरळ न्या. मरळ तोंड वर काढून हवा घेतो, चिखलातबी तगतो.”

मी रिकाम्या हाताने परत आलो. वाटभर तेच वाक्य डोक्यात फिरत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी तो तरुण शिक्षक मडक्यांवर ओले फडके बांधून आठही मासे घेऊन आला. ते हौदात सोडताना त्याने मला विचारले, “मास्तर, तुम्ही इथले. यांना हे पाणी मानवेल ना?”

“मानवेल की,” मी म्हणालो.

चारच दिवसांत ऊन तापले. दुपारी हौदाच्या दगडाला हात लावला की चटका बसे. मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडझाप करू लागले. शनिवारपर्यंत आठही पांढरी पोटे वर करून तरंगत होते. त्याने ते एकेक करून ओंजळीत उचलले आणि पेरूच्या झाडाखाली पुरले. मला वाटले होते की मला आनंद होईल. थोडासा झालाही. ते लिहायला अजून लाज वाटते.

तो मात्र हरला नाही. थर्मामीटर घेऊन तो पंधरा दिवस सकाळ-दुपार पाणी मोजत हिंडला: धबधब्याखाली, रामकुंडावर, गावाखालच्या डोहात, हौदात. मग एका संध्याकाळी वही घेऊन माझ्या घरी आला. पाणी तापले की त्यात हवा कमी विरघळते, धबधब्याखाली पाणी आपटून हवा घेते, म्हणून खडस तिथेच राहतो आणि खालच्या संथ डोहात सापडत नाही, असे त्याने मला समजावले. वहीच्या पहिल्या पानावर त्याने स्वतःच्या नावाखाली माझे नाव लिहिले होते.

“आता एखाद्या जुन्या भोयाला विचारून हे पडताळायचंय,” तो म्हणाला. “तुमच्या ओळखीचा कुणी आहे?”

वहीवरच्या त्या माझ्या नावाने मला आतून जाळले. खोटे बोलायचेही त्राण उरले नाही. म्हाताऱ्याने मला काय सांगितले होते, ते मी सांगून टाकले. मासे हौदात सोडायच्या आदल्याच दिवशी सांगितले होते, हेही.

त्याने वही मिटली. “तुम्ही एक शब्द बोलला असतात तर पुरला असता,” एवढेच म्हणाला.

पुढच्या रविवारी तो माझ्यासोबत नदीवर आला. म्हाताऱ्याने त्याला पाण्याजवळ बसवले. कुठल्या दगडाआड कोणता मासा असतो, पुरात कोण वर चढतो, उन्हाळ्यात कोण डोहात अडकून मरतो, हे सगळे बोटाने दाखवत सांगितले. मला त्याने अर्ध्या मिनिटात वाटेला लावले होते. त्या दोघांची दुपार सरली तरी बोलणे संपत नव्हते. मी सायकलपाशी उभा होतो, आणि मला पुन्हा त्याचाच हेवा वाटत होता.

जूनमध्ये हौदात तीन मरळ आले आणि ते जगले. वहीवरचे माझे नाव त्याने खोडले नाही. मात्र त्यानंतर त्याने मला पाण्याबद्दल कधीही काही विचारले नाही.