माइकवरचा फोम

"फोम बदल आणि मग तिला बसव," काचेपलीकडून केंद्रप्रमुख सर म्हणाले.

मी माइकसमोरून अजून उठलेही नव्हते. माइकवर काळ्या स्पंजची टोपी असते, तिला आम्ही फोम म्हणतो. आमच्या विद्यापीठाच्या रेडिओवर शास्त्रीय गाण्याचं रेकॉर्डिंग असलं की आधी कुणीतरी गायकाच्या बैठकीवर बसून आवाजाची लेव्हल द्यायची, म्हणजे यंत्रावर आवाज जुळवता यावा म्हणून माइकवर काहीतरी बोलायचं. ते कुणीतरी म्हणजे मी. निवेदक सर त्याच माइकवर खोकतात, शिंकतात. तेव्हा फोम तोच राहतो.

नोकरीच्या पहिल्या दिवशी सरांनी माझं आडनाव विचारलं होतं. मग गाव. सोनगीर म्हटल्यावर गावातली वस्तीही विचारली. त्यामुळे फोम का बदलायचा, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

बदलला मी. त्या दिवशी बदलला.

मग ती आत आली. देवपूरच्या एका प्राध्यापकांची मुलगी, माझ्याच वयाची. यमन गायली. वाईट गायली असती तर किती बरं झालं असतं. चांगली गायली, आणि मी काचेमागं जळत बसले. तिच्या घरी तानपुरा. गुरुजी घरी येऊन शिकवतात. रियाजाला वेगळी खोली. संगीताच्या परीक्षा मीही दिल्यात, पण आमच्या पत्र्याच्या खोलीत मोबाइलवर तानपुरा लावून, शेजाऱ्यांची बोलणी खात. जाताना ती "थँक्यू ताई" म्हणून गोड हसली. मला त्याचाही राग आला.

मला गायचं होतं. स्वरचाचणी घ्या म्हणून सरांच्या किती मागं लागले. दर वेळी "बघू". तिची चाचणी कुणी घेतलीच नव्हती.

रविवारी तिचं गाणं लागलं. आई भाकरी थापताना ऐकत होती. म्हणाली, "तुना आवाज कव्हय ई वं बाई रेडिओवर?"

माझा आवाज रेडिओवर कधी येणार, ते मला तरी कुठं ठाऊक होतं?

पुढच्या रेकॉर्डिंगला तीच मुलगी, तोच माइक. सर म्हणाले, लेव्हल दे. मी नेहमीसारखं एक-दोन-तीन म्हटलं नाही. डोळे मिटले, षड्ज लावला आणि यमनचाच आलाप घेतला. थांबले तेव्हा हेडफोनमध्ये सर तेच म्हणाले, "फोम बदल."

"नाही बदलणार सर," मी म्हणाले. "नको असेल तर आत या आणि तुमच्या हातानं काढा."

सर आत आले नाहीत. त्या फोमला हात लावायला तयार नव्हते. मुलगी तोच फोम ठेवून माइकसमोर बसली आणि गायली.

कंत्राट सरांच्या हातात आहे. नोकरी जाईलही. तिचा हेवा अजून वाटतो, आणि तो सोड म्हणून मला कुणी समजवायला येऊ नये. यापुढं मी लेव्हल देणार नाही. त्या बैठकीवर बसेन ती गायलाच बसेन. ज्याला फोम काढायचाय त्यानं माझ्यासमोर काढावा, आणि का काढला ते त्याच माइकवर सांगावं.