खिशातले हात

समुद्रातल्या प्रार्थनेच्या आदल्या दुपारी मी आणि मिस्त्री माझ्या बोटीच्या मशीनचं तेल बदलत होतो. हा घाटावरचा माणूस, प्रोटेस्टंट. नट आवळताना गीत म्हणतो, पाना हातातून पडला की त्याला रागावतो आणि पुन्हा त्याच शब्दापासून गायला लागतो. आम्ही कॅथलिक लोक क्रूसाची खूण करायला लागलो की याचे हात खिशात जातात. तिथं काय करतात, देव जाणे.

लहानपणी या प्रोटेस्टंटांच्या देवळात पाऊल टाकणं आम्हाला पाप होतं. आता किनाऱ्यावरच्या सगळ्या चर्चनी मिळून समुद्रात प्रार्थना ठरवली होती. माझी बायको मारीबाय नुकतीच वारलेली. तिथं तिचं नाव घ्यावं, एवढंच मला पाहिजे होतं. पण मेलेल्यांसाठी प्रार्थना यांच्यात चालत नाही, म्हणून फादरांनी आणि यांच्या पाळकांनी मिळून नावं गाळली.

"मंग माझी बोट येनार नाय," मी म्हटलं.

"काका, गेलेल्यांसाठी आम्ही काही मागत नाही. ते देवाच्या हातात असतात."

"आनि तिच्या हातचं कालवन मागून मागून खायाचास, ते?"

त्यानं हात पुसले आणि पुढचा नट आवळायला घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं मला न विचारताच मशीन चालू केलं. मी शिव्या देत बोटीत चढलो. समुद्रात यांच्या चर्चची पाळी आली तसा तो उभा राहिला आणि सगळ्या बोटींना ऐकू जाईल असं ओरडला, "देवा, मारीबायनं मला पोटभर जेवू घातलं, तुझे आभार!"

मी क्रूसाची खूण केली. त्यानं हात खिशात घातले.