सामन्याला काय नेसायचं?

फुटबॉलचा सामना बघणाऱ्याच्या अंगावर काय आहे यावर जिंकला किंवा हरला जातो, असं छातीठोकपणे मानणारा अख्ख्या नवी मुंबईत एकच माणूस होता आणि तो माझ्या बायकोचा थोरला भाऊ होता. हे मी अभिमानानं सांगतोय की तक्रार म्हणून, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. आमचे हे मेहुणे मूळचे लातूरकडचे, तळोज्याला एका केमिकल कारखान्याच्या स्टोअरमध्ये नोकरीला, आणि राहायला जुईनगरला आमच्याच बिल्डिंगमध्ये, वरच्या मजल्यावर. फुटबॉलला त्यांचा पाय जन्मात लागला नव्हता. एकदा संध्याकाळी मैदानाच्या कडेनं जाताना पोरांचा चेंडू गडगडत त्यांच्या पायाशी आला, तर यांनी तो वाकून दोन्ही हातांनी उचलला, रुमालानं पुसला आणि, "कुणाचा पडला हो हा?" असं विचारत मैदानाच्या मधोमध नेऊन दिला. पण टीव्हीवर फुटबॉल लागला की या माणसाला वारं भरायचं.

सुरुवात झाली ती टीव्हीवर आफ्रिकेतले प्रेक्षक दिसले तेव्हा. लांब रंगीबेरंगी झगे, डोक्याला तसल्याच टोप्या, ढोल वाजवत नाचणारी माणसं. मेहुणे बनियनवर बसले होते. ते एकदम ओशाळले. "दाजी, लोक इतक्या लांबून इतकं नटून आलेत आणि आपण असं बसायचं? शोभतंय का?" त्या दिवसापासून त्यांनी नियम करून टाकला. दोन संघांतला जो दुबळा तो आपला, आणि जो आपला त्याचा पोशाख आपल्या अंगावर. जोरात असलेल्या संघाची बाजू त्यांनी कधीच घेतली नाही. "जोरात असणाऱ्याला माणसं मिळतातच की," ते म्हणायचे. साहजिकच आमचे मेहुणे ज्याचे कपडे घालत तो संघ बहुतेक वेळा हरे, आणि मग दोष कपड्यांवर जाई. बाही आखूड झाली, रंग फिका पडला, टोपी डावीकडे कलली. खेळाडू चुकला असं त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही.

नायजेरियाचा झगा वहिनींनी बेडरूमसाठी आणलेल्या नव्याकोऱ्या फुलाफुलांच्या पडद्यातून निघाला. तो मेहुण्यांनी स्वतः शिवला, आणि हात कुठून बाहेर काढायचे हे शिवताना लक्षात राहिलं नाही म्हणून नंतर कात्रीनं दोन भोकं पाडली. खिडकीला वर्तमानपत्रं लागली. वहिनी सामना बघायच्या नाहीत, पण स्वयंपाकघरातून येता-जाता नवऱ्याच्या पाठीकडे बघायच्या आणि मला सांगायच्या, "बघा भावजी, माझा पडदा दोन गोलनं हरायलाय." सौदी अरेबियाच्या वेळी मेहुण्यांनी पांढरी चादर अंगाला गुंडाळली आणि सगळ्यांना दाखवायला म्हणून जिना उतरून खाली आले. तळमजल्यावर चाचा राहायचे. रायगडच्या किनाऱ्यावरचे कोकणी मुसलमान, बरीच वर्षं आखातात नोकरी करून आलेले आणि आता कापडाचं दुकान घातलेले. त्यांनी मेहुण्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "भाऊ, आमच्यात माणूस गेल्यावर असा गुंडाळतात. मॅच सुरू व्हायच्या आधीच टीमला कशाला दफन करताय?" असं म्हणून ते आत गेले आणि स्वतःचा खराखुरा अरबी झगा, इस्त्री केलेला, घेऊन आले. वर सूचनाही दिली. "यात उड्या मारायच्या नाय. ह्यात माणूस सावकाश चालतो." मेहुण्यांनी ती इतकी मनावर घेतली की गोल पडत असताना सुद्धा ते खुर्चीतून उठले नाहीत. शांतपणे, आब राखून, चार गोल खाल्ले.

स्कॉटलंडची गोष्ट तर बिल्डिंगमध्ये अजून निघते. तिकडचे पुरुष चौकड्यांचा घागरा नेसतात हे मेहुण्यांना माहीत होतं. त्याच्या आत काही घालत नाहीत, ही माहिती कारखान्यातल्या कुणीतरी पुरवली. वहिनींनी पहिल्या गोष्टीला परवानगी दिली, दुसऱ्या गोष्टीवर त्यांनी पोळपाटच आपटला. शेवटी आमच्या घरची चौकड्यांची चादर, तिला मोठी सेफ्टी पिन आणि आत लेंगा, असा समझोता झाला. सामना आमच्या टीव्हीवर होता. ऐन वेळी सोसायटीचे सेक्रेटरी पाण्याचं टायमिंग बदललंय हे सांगायला आले, आणि दार उघडलं मेहुण्यांनी. सेक्रेटरी बराच वेळ पिनेकडे बघत राहिले. मग म्हणाले, "अहो, इथं फॅमिलीवाले राहतात." मेहुणे म्हणाले, "मग मी कोण आहे? ही माझ्या बहिणीची चादर आहे." तेवढ्यात स्कॉटलंडनं गोल केला, मेहुण्यांनी उडी मारली, पिन उघडली आणि सेक्रेटरी पाण्याचं टायमिंग न सांगताच गेले. दुसऱ्या दिवशी बिल्डिंगमध्ये कुणाला पाणी मिळालं नाही. सामन्याचं म्हणाल तर शेवटी चेंडू स्कॉटलंडच्याच एका खेळाडूच्या अंगाला लागून त्यांच्याच जाळ्यात गेला आणि ते हरले. मेहुणे वहिनींकडे वळून एवढंच म्हणाले, "लेंगा."

त्या वर्षीच्या थंडीत मात्र अशी एक गोष्ट घडली की त्यानंतर मेहुणे थोडे बदलले. आमच्याकडच्या मैदानावर फुटबॉलची स्पर्धा होती आणि अंतिम सामन्यात एकीकडे मेहुण्यांच्या कारखान्याचा संघ आणि दुसरीकडे शेजारच्या शिरवणे गावचा संघ आला. कारखान्याच्या संघाला चकचकीत जर्सी, नवे बूट, साहेब लोकांना बसायला मांडव आणि खुर्च्या. शिरवण्याच्या पोरांच्या पायात कॅनव्हासचे बूट, तेही प्रत्येकाचे वेगळे. मेहुणे कुणाच्या बाजूनं हे विचारायची गरजच नव्हती, तरी मी बजावलं, "दादा, कंपनी तुमची आहे. साहेब बघतील." तर म्हणाले, "कंपनीला टाळ्या वाजवायला साहेब आहेत की. शिरवण्याला कोण आहे?" शिरवण्याला अख्खं शिरवणे होतं.

प्रश्न पोशाखाचा होता. मेहुण्यांनी मनाशी ठरवून टाकलं की इथली मूळची माणसं म्हणजे कोळी. मग शाळेच्या गॅदरिंगला कपडे भाड्यानं देणाऱ्या दुकानात गेले आणि कोळ्याचा ड्रेस घेऊन आले. लालभडक टोकदार टोपी, जरीच्या काठाचं जाकीट, कमरेला पुढे त्रिकोणी बांधायचा चौकड्यांचा रुमाल आणि हातात पुठ्ठ्याचं वल्हं. ड्रेस सातवीतल्या मुलाच्या मापाचा होता. जाकिटाची बटणं मेहुण्यांच्या पोटापासून वीतभर लांब राहिली. वहिनींच्या हुकमानं रुमालाच्या आत खाकी अर्धी चड्डी होती. अशा थाटात ते मैदानावर उतरले आणि शिरवण्याच्या लोकांमध्ये, अगदी पुढे, वल्हं उंच करून उभे राहिले. मी त्यांच्या शेजारी उभा राहिलो, पण ओळख लागेल इतकंही जवळ नको म्हणून जरा मागे.

आधी मांडवातून हसू आलं. मग ते वाढत गेलं. स्टोअरमधल्या कुणीतरी ओरडून सांगितलं, "अरे, हा आपलाच माणूस! मासळी आणलीय काय?" आणि खुर्च्यांवरचे साहेब पोट धरून हसायला लागले. मेहुण्यांना हसण्याची सवय होती. ते उलट खुश होऊन वल्हं मारल्यासारखं करून दाखवू लागले. पण आमच्या आजूबाजूला कुणीच हसत नव्हतं.

एक म्हातारबाबा उठून आमच्याकडे आले. पांढरी टोपी, अंगात बंडी, गुडघ्यापर्यंत धोतर. त्यांचा नातू शिरवण्याकडून खेळत होता.

"कोन गाव तुजा?"

"लातूरकडचा. राहतो जुईनगरला."

"मंग ह्यो काय नेसलास?"

"तुमचाच पोशाख, बाबा. पाठिंबा म्हणून."

"आमचा?" म्हाताऱ्यानं जाकिटाची जर दोन बोटांत धरली. "आमी आगरी. भातशेती न् मिठागरा, ह्यो आमचा धंदा. ह्यो कोल्याचा हाय. न् कोली पन असा कवा नेसला नाय. ह्यो शालंतला हाय." मग त्यांनी मैदानाकडे हात केला. "थय जो गोलपोस्ट हाय ना, थय माज्या बापाचा भात व्हता. आता त्या खुर्चीवालं हसतान, ते कोनाला हसतान? तुला, का आमाला?"

मेहुण्यांचं वल्हं खाली आलं. त्यांनी टोपी काढली. केस विस्कटलेले, कपाळावर तिचा लाल रंग उतरलेला. ते हळूच म्हणाले, "बाबा, मी हसवायला नाही आलो. खरंच तुमच्या बाजूनं आलो होतो." मग माझ्याकडे वळले. "चला दाजी, जाऊ आपण." आणि जाकीट तिथंच उतरवायला लागले. ते मापाला लहान असल्यानं अर्ध्यात अडकलं. दोन्ही हात वर, तोंड जाकिटात, अशा अवस्थेत ते उभे राहिले आणि मी ओढू लागलो, तेव्हा म्हातारबाबांच्या मागे बसलेली त्यांची बायको खो खो हसत सुटली.

"आवं, फाटल तो! भाड्याचा आसल!" असं म्हणून ती उठली, तिनं जाकीट एका हिसक्यात सोडवलं आणि मेहुण्यांकडे बघून नवऱ्याला म्हणाली, "आता काय उगड्या आंगान जाईल तो घरा? बाजूनं आलाय ना? मंग नेसवा त्याला नीट."

हाफटाइमला म्हातारबाबांनी मेहुण्यांच्या खांद्यावर हात टाकला आणि मैदानाला लागून असलेल्या आपल्या घरी घेऊन गेले. उत्तरार्ध सुरू होऊन जरा वेळ झाल्यावर माझ्या शेजारी कुणीतरी येऊन बसलं. मी सरकून जागा दिली आणि खेळ बघत राहिलो. बऱ्याच वेळानं तो माणूस म्हणाला, "दाजी, काय स्कोअर?" तेव्हा मी दचकून बघितलं. पांढरी बंडी, आखूड धोतर, साधी टोपी. आमचे मेहुणे! त्या गर्दीत तसल्या कपड्यांतली कितीतरी म्हातारी माणसं बसली होती, त्यांतलेच एक. इतक्या वर्षांत वेगळा पोशाख घालून ते बसलेत आणि त्यांच्याकडे कुणीही बघत नाही, असं तेव्हाच झालं. त्यांनी आरडाओरडाही केला नाही. नातू चेंडू घेऊन धावला की पलीकडे बसलेल्या बाबांचा हात यांच्या गुडघ्यावर पडायचा आणि यांचा हात त्या हातावर.

शिरवणे हरलं. शेवटच्या मिनिटांत कारखान्याच्या संघानं गोल केला. मांडवातून फटाके वाजले. म्हातारबाबा नुसते बसून राहिले आणि मेहुणे त्यांच्या शेजारी डोळे पुसत राहिले. या खेपेला मात्र ते कपड्यांना काही बोलले नाहीत. पुढे कारखान्यात साहेबांनी त्यांना विचारलं, "काय हो, पहिल्या हाफनंतर कुठे गायब झालात? आम्ही शोधत होतो, काय मजा आणलीत!" मेहुणे म्हणाले, "होतो की साहेब. समोरच होतो."

म्हातारबाबांचे कपडे परत करायला मेहुणे गेले तेव्हा मीही बरोबर होतो. वहिनींनी धोतर-बंडीला खळ घालून कडक इस्त्री केली होती. ती उभी राहणारी बंडी बघून आजी परत हसून लोळली. तांदळाच्या भाकरी झाल्या, सुकटीची चटणी झाली. जेवता जेवता म्हातारबाबांनी सहज विचारलं, "तुमच्या गावान काय नेसतान रं?"

मेहुण्यांचा घास हातातच राहिला. "आमच्याकडं... फेटा बांधतात, बाबा."

"मंग पुढच्या ऐतवारी ये बांदून. बगू आमी पन."

त्या रविवारी सकाळीच मेहुणे आमच्याकडे आले. हातात वहिनींची जुनी गुलाबी साडी. "दाजी, फेटा बांधता येतो का तुम्हाला?" मला येत नव्हता. माझ्या बायकोलाही माहीत नव्हतं. मी म्हणालो, "तुम्हाला कसा येत नाही, दादा? तुम्ही स्कॉटलंड नेसलेला माणूस." ते हसले नाहीत. खुर्चीवर बसून साडीचा पदर सरळ करत म्हणाले, "आमच्या आज्यानं एकदा नव्या कापडाचा फेटा बांधला होता. गावातल्या मोठ्या लोकांनी चावडीसमोर उतरवायला लावला. म्हनले, तुमच्या जातीनं हे डोक्याला लावायचं नाही. मग आमच्या बापानं कधी बांधलाच नाही. शहरात आला, पँट-शर्ट घातला, बाबासाहेबांचा फोटो लावला, मस्त राहिला. पण फेटा राहिला तो राहिलाच. शिकवनार कोण?" माझी बायको दारात उभी होती. ही गोष्ट तिनंही आजवर ऐकली नव्हती.

मग आम्ही तिघांनी मिळून बांधला. मी टोक धरलं, बायकोनं पीळ दिला, मेहुणे डोकं ताठ धरून बसले. पहिला कानांवर घसरला, दुसरा सुटला, तिसरा एका बाजूला फुगून बसला, पण बसला. पाठीवर सोडायचा शेमला काही केल्या निघेना, म्हणून बायकोनं मागे एक टोक नुसतंच खोचून दिलं. मेहुणे आरशासमोर गेले आणि बराच वेळ तिथंच राहिले. "जमलंय का?" त्यांनी विचारलं. अजिबात जमलं नव्हतं. "जमलंय," माझी बायको म्हणाली.

ते एकटेच निघाले. मी गॅलरीतून बघत होतो. शिरवण्याच्या रस्त्यानं आमचे मेहुणे चालले होते, गुलाबी, वाकडा, भलामोठा फेटा घालून, एका हातानं तो वरून धरत, सांभाळत. रस्त्यावरची माणसं वळून बघत होती, पण आज त्यांनी कुणाकडे हसून बघितलं नाही, कुणाला हात केला नाही. मान तेवढी ताठ होती. वळणापाशी वारा आला तेव्हा त्यांनी दुसराही हात वर नेला, आणि तसेच, दोन्ही हातांनी डोकं धरून, पलीकडे दिसेनासे झाले.