अंतूच्या वयाचा संत

फोन आला तेव्हा मी वारणानगरला कामावर होतो. तालमीतल्या दोघा पोरांना घेऊन संध्याकाळी दवाखान्यात रक्त द्यायला जायचं ठरलं होतं. पलीकडून लूसीमावशी म्हणाली, "संज्या, आता पोरांस्नी आणू नगंस रं..." पुढं नुसता श्वास ऐकू येत राहिला. तिचा एकुलता एक अँथनी, आमचा अंतू, गेला होता. या गोष्टीला आता दीड महिना होत आला.

शिवाजी पेठेत आमच्या गल्लीत ख्रिस्ती घर त्यांचं एकच. वडील लवकर गेले, मावशीनं ब्लाउज शिवून पोराला वाढवलं. अंतू आमच्या तालमीच्या फुटबॉल संघाचा गोलकीपर. रविवारी आधी चर्च, मग मैदान. त्यामुळं सरावाला हमखास उशिरा यायचा, चर्चची इस्त्रीची पँट गुडघ्यापर्यंत दुमडून. गोलमधून असा ओरडायचा, की समोरच्या संघापेक्षा आम्हीच दचकायचो. अंगावर काळेनिळे डाग दिसायला लागले तेव्हा आम्ही हसलो होतो... गोलकीपरच्या अंगावर डाग नसतील तर कुणाच्या? मग हिरड्यांतून रक्त यायला लागलं, आणि तपासणीत रक्ताचा कर्करोग निघाला. अकरावीत होता.

चर्चच्या फादरनी मावशीला एक फोटो दिला. इटलीतला मुलगा, कुरळ्या केसांचा, कॉम्प्युटरवर रमणारा. तोही याच आजारानं पंधराव्या वर्षी गेलेला. आता त्याला संत म्हणून जाहीर करणार होते. मावशीनं फोटो अंतूच्या उशाला ठेवला. अंतू बराच वेळ त्याच्याकडं बघत राहिला आणि म्हणाला, "आई, त्यो सोताच वाचला न्हाय की. मला काय वाचिवणार?"

"म्हणून तर त्याला तुझं दुखणं कळंल, बाळा."

"कळंल गं... पर कळून त्यो तरी काय करणार बिचारा?"

मी तिथंच उभा होतो. खरं तर आमचंही तेच चाललं होतं. सगळं कळत होतं आणि हातात काही नव्हतं. तालमीतली पोरं रांगा लावून रक्त देत होती, कुणी नवस बोलत होतं. अंतूच्या रक्तपेशींचे आकडे आज वर जायचे, उद्या खाली यायचे.

त्या मुलाला संत जाहीर करण्याचा रोमचा सोहळा आम्ही त्यांच्या घरी टीव्हीवर पाहिला. दोन उपचारांच्या मधे अंतूला घरी सोडलं होतं. एवढा मोठा चौक माणसांनी भरलेला, घंटा वाजत होत्या. त्या गर्दीत संताची आई बसलेली दाखवली, हयात. मावशी गुडघ्यांवर होती, तिची प्रार्थना तिथंच थांबली. "ल्योक संत झाला गं तुझा," ती टीव्हीकडं बघून पुटपुटली, "पर घरी जाऊन जेवायला कुणाला वाढणार तू?"

अंतूनं उठून तिच्या खांद्यावर हात ठेवला. "आई, मला न्हाय व्हायचं संत-बिंत. मला फायनल खेळायचीय." आम्ही सगळे मोठ्यानं हसलो. मावशीसुद्धा. फायनल झाली तेव्हा तो दवाखान्यात होता, आणि निकाल सांगायला आम्ही गेलो तेव्हा त्याला ऐकायची शुद्ध नव्हती.

परवा मावशीकडं गेलो होतो. तिनं अंतूचा मोबाईल माझ्या हातात दिला. आत त्याचे फोटो आहेत, त्याचा आवाज असेल, पण उघडायचा आकडा कुणालाच ठाऊक नाही. दुरुस्तीवाला म्हणाला, उघडून देतो, मात्र आतलं सगळं पुसलं जाईल. मीही बरंच काही दाबून पाहिलं... त्याचा वाढदिवस, मावशीचा, जर्सीचा नंबर. शेवटी परत दिला. "असू दे," ती म्हणाली, पदरानं काच पुसली, आणि शिलाई मशीनशेजारच्या प्लगला मोबाईल चार्जिंगला लावला. रोज संध्याकाळी लावते.