पूर्णेत सोडलेली माती

माझा मोठा भाऊ कोकणातल्या एका खाडीत बुडाला. कोळंबीच्या पोटात जाणारं अन्न कुठून येतं, याचा तो अभ्यास करत होता. आमच्या जाफराबादेत हे समजावून सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. "पोरगं तिकडं काय करून राह्यलं व्हतं?" असं लोक पुन्हा पुन्हा विचारायचे आणि माझं डोकं फिरायचं.

सुट्टीत आला की दादा चुलीपाशी बसून मायला सगळं सांगायचा. पावसाळ्यात नद्या माती आणतात, खाऱ्या चिखलातल्या तिवरांची पानं कुजतात, आणि त्यावर डोळ्यांना न दिसणारे हिरवे कण पोसतात. पण पाणी गढूळ असेतोवर आत ऊन शिरत नाही. माती खाली बसली की ते भराभर वाढतात, पाणी हिरवट दिसायला लागतं. ते कण कोळंबी खाते, कोळंबीला मासा खातो.

"म्हंजी पाण्याची शेतीच की रे," माय म्हणायची. "माती बी खत, पाला बी खत."

"बराबर, माय." दादा हसायचा. मी अर्धंमुर्धं ऐकून तिथंच झोपून जायची.

पाण्याचे नमुने घ्यायला गेलेली होडी उलटली. देह सापडला नाही.

वडील शाळेत भूगोल शिकवत. छप्पनला दीक्षा घेतल्यापासून नवस, अंगारे, पिंड सगळं त्यांनी घरातून झाडून काढलं होतं. दादासाठी घरात त्रिशरण-पंचशील म्हटलं गेलं आणि थोड्याच दिवसांत ते पुन्हा फळ्यापुढे उभे राहिले. डोळ्यांत टिपूस नाही. दादाचं नाव त्यांच्यापुढे काढायची सोय नव्हती. हा माणूस आहे की दगड, असं मला वाटायचं. त्या दिवसांत मला ते बिलकुल आवडत नव्हते.

मायच्या हातांना मात्र काही करायला उरलं नव्हतं. दहन नाही, दफन नाही. पूर्णेला पूर आला तशी ती पाटीत आमच्या शेतातली काळी माती भरून दारात उभी राहिली.

"आवो, आपली पूर्णा पोराच्या खाडीला जाती न्हवं?"

वडिलांनी वर पाहिलं नाही. "जाते," म्हणाले.

मी त्यांच्याच वर्गात होते. गोदावरी पश्चिमेला वाहते म्हणणाऱ्या पोराला ते तास संपेपर्यंत उभं करत. आमची पूर्णा गोदावरीला मिळते आणि गोदावरी जाते पूर्वेच्या समुद्राला. कोकण नेमकं उलट्या दिशेला. मी तसं बोलून दाखवलं, तर म्हणाले, "नकाशा शाळेत ठेव."

मग पूर आला की आम्ही तिघं नदीवर जायचो. माय माती सोडायची, पाटी विसळायची. वडील काठाशी बसून तोंड धुवायचे. गढूळ पाण्यानं, पुन्हा पुन्हा. मी कंटाळून "चल ना" म्हणायची, पण माय त्यांच्याकडे पाठ करून उभी राहायची. "धुऊ दे त्यान्ला," एवढंच म्हणायची.

बहात्तर साली नदी आलीच नाही. बाया वाळूत खड्डे खणून वाटीवाटीनं पाणी भरत होत्या. तरी माय पाटी भरून निघाली, आम्ही तिच्या मागं. कोरड्या पात्रात ती पाटी धरून उभी राहिली, तेव्हा वडिलांचं तोंड उतरलं.

"दे इकडं," ते म्हणाले. "मी एसटीनं जातो अन् खाडीतच नेऊन टाकतो."

"ऱ्हाऊ द्या. आपली पूर्णा तिकडं जात न्हाई, मला म्हाईत हाय."

वडिलांनी पाटीकडे नेलेला हात मागं घेतला.

"पोरानंच सांगितल्तं, चुलीपाशी. आपली नदी उलटीकडं जाती म्हनला."

"मंग इतके दिवस ही माती?"

"घरात तुमी रडत न्हवता. हितं तोंड धुवाया बसायचे. म्हून आणत व्हते तुमाला."

वडील खाली बसले. सवयीनं त्यांनी ओंजळ पुढं केली. तोंड धुवायला पाणी नव्हतं. मग ते तसेच, आमच्या समोर, मोठ्यानं रडले. मायनं पाटी खाली ठेवली आणि पदरानं त्यांचं तोंड पुसलं.