पिना पाडायच्या की सावरायच्या

पिंप्राळ्याच्या अभिमन नानांना पडलेलं काही बघवत नाही. पूर्वी रावेरकडे त्यांची केळीची बाग होती, झाडाझाडाला टेकू दिलेली. एका मे महिन्यात वादळानं ती आडवी केली. नानांनी शेती सोडली आणि ते कापसाच्या जिनिंगची यंत्रं दुरुस्त करू लागले, पण टेकू द्यायची खोड काही गेली नाही. घरातल्या केरसुणीलाही ते दोन्हीकडून आधार देतात.

तरुणशेठनं जळगावात बोलिंगचा हॉल काढला आणि कुठूनसं जुनं यंत्र आणलं. गिऱ्हाइकानं चेंडू घरंगळत सोडून समोरच्या बाटलीसारख्या दहा पिना पाडायच्या, यंत्रानं दहाही पुन्हा उभ्या करायच्या. पण हे यंत्र ठेवता ठेवताच दोन-चार पाडायचं.

"नाना, रविवारपर्यंत जमवा, नाहीतर पुण्याचा मेकॅनिक बोलावतो," तरुणशेठ म्हणाला. नानांच्या मिशा ताठ झाल्या. यंत्र आपणच सुधारणार, असं ते पिंप्राळाभर सांगून बसले होते. आता माघार घेतली तर तोंड दाखवायला जागा नव्हती.

त्यांनी ठिबकच्या सामानातले रबरी वायसर प्रत्येक पिनेच्या जागी बसवले. पिनेचा तळ त्यात घट्ट बसला. मग कौतुक करून घ्यायला बायकोला, भिकुबाईंना, घेऊन आले. भिकुबाईंनी पदर खोचून चेंडू दोन्ही हातांनी लोटला. पिना नुसत्या डुलल्या आणि पुन्हा ताठ.

"एक बी पडनी नही!" नानांनी टाळ्या पिटल्या.

"ते दखायनं. पन लोके पाडालेच येतस ना आठे?" भिकुबाई म्हणाल्या.

नानांचे हात हवेतच राहिले. तरुणशेठ तोंड फिरवून हसत होता.

घरी नाना ताटातली भाकरी नुसती कुस्करत बसले. भिकुबाईंनी काठोकाठ ताकाचा पेला पुढे ठेवला, बोटं पुरती सोडली, मगच हात वर घेतला. थेंब सांडला नाही. नाना ताक तसंच टाकून उठले. यंत्र पकड सुटायच्या आधीच हात वर उचलत होतं! हॉलवर जाऊन त्यांनी तो हात उचलणारी चकती कानशीनं घासून उचल जराशी उशिरा आणली आणि वायसर काढून फेकले.

रविवारी भिकुबाईंनीच पहिला चेंडू टाकला. दहाच्या दहा पिना भुईसपाट. नाना "अरे अरे" करत सावरायला धावले. तरुणशेठनं त्यांचा दंड धरला. यंत्रानं पडलेल्या पिना मागे ओढल्या, मग त्याचा हात उतरला, थबकला, अलगद सुटला. दहाही उभ्या.

नाना बघतच राहिले. आडवं झालेलं पुन्हा उभं राहिलेलं त्यांनी जन्मात पहिल्यांदा पाहिलं. उपरण्यानं डोळे पुसून, बायकोच्या हाती पुन्हा चेंडू देत ते म्हणाले, "आखो पाड."